कार्यकारिणीच्या मानेला घुंगरू

माणूस आणि इतर प्राणी यांच्यातला खरा भेद वाणीचा आहे, असं थोर लोक सांगत आलेले आहेत. मनातली गोष्ट शब्दांत मांडता येणं आणि ती चार जणांसमोर उच्चारण्याचं धैर्य असणं, यावरच म्हणे सगळी संस्कृती उभी आहे. मी नागपुरातल्या एका वाचनालयाच्या कार्यकारिणीत चार वर्षं आहे. हा भेद तिथे मला अजून आढळलेला नाही.

वाचनालय इतवारीतल्या एका गल्लीत आहे, वरच्या मजल्यावर. खाली भांड्यांची दुकानं, त्यामुळे आमच्याकडची सगळी पुस्तकं पितळेच्या ठणठणाटात वाचली गेली आहेत. मी भूगोल शिकवून निवृत्त झाले आणि दर दोन दिवसांनी पुस्तक बदलायला जाऊ लागले, तेव्हा एके दिवशी सचिव घरी आले. हातात पत्र होतं. ‘महिलांचा आवाज कार्यकारिणीत उमटावा’ अशी संस्थेची मनीषा असल्याचं त्यात लिहिलं होतं. सचिवांना मनीषा हा शब्द आवडतो. साधी इच्छा त्यांना कधी होत नाही.

पहिल्याच सभेत माझ्या लक्षात आलं की तिथे पुरुषांचाही आवाज उमटत नाही. कारण साधं होतं. सभा सुरू होण्याआधी एक धान्याचे व्यापारी खिशातून प्लास्टिकची पन्नी काढून खर्रा घोटायला घेत. सुपारीचा चुरा, तंबाखू, चुना, आणि त्यावर तळहाताचा पाच मिनिटं रगडा. मग ती पन्नी प्रसादासारखी फिरे. खर्रा गालात गेला की माणूस अर्धा-पाऊण तास बोलत नाही. हनुवटी जरा वर उचलून, छताकडे पाहत, कसल्या तरी मोठ्या विचारात असल्यासारखा बसून राहतो. आमच्या सभाही अर्धा-पाऊण तासच चालत.

तर सचिव ठराव वाचत. वाचून झाला की म्हणत, ‘‘सर्वांची संमती गृहीत धरावी काय?’’ आणि माना हलत. कोणाची खाली-वर, कोणाची आडवी, बहुतेकांची तिरपी. या तिरप्या मानेचा अर्थ नागपुरात सगळ्यांना ठाऊक आहे. तिचा अर्थ ‘बघू’. सचिव मात्र नोंदवहीत लिहीत, ‘सर्वानुमते मंजूर’. चार वर्षांत त्या वहीत मी दुसरा शब्द पाहिलेला नाही. मी खर्रा खात नाही, माझं तोंड रिकामं होतं, तरी मीही मानच हलवत आले. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी जरा बरी वागले आहे आणि त्यामुळे गैरसमज होऊ शकतो.

आमचे अध्यक्ष खर्रा खात नाहीत आणि भाषणही करत नाहीत. या दोन गोष्टी करत नसूनही ते अध्यक्ष कसे झाले, हे कोणालाच आठवत नाही. खालच्या गल्लीत त्यांचं भांड्यांचं दुकान होतं. गुंडी, पातेलं, परात, काहीही समोर आणा; ते बोटाच्या पेराने एकदा टिचकी मारत आणि सांगत, ‘‘हे जोडाचं आहे. बुडाशी झाळलं आहे.’’ सभेतही ते असंच करत. ठराव ऐकून घेत, सगळ्यांकडे एक नजर फिरवत आणि म्हणत, ‘‘नाही, हे जमून नाही राहिलं. पुढच्या बारी पाहू.’’ सचिवांच्या वहीत मग त्या ठरावाचा उल्लेखच नसे.

पुढे त्यांना काचबिंदू झाला. नजर कडेने मिटत आली, जशी चाळणीच्या कडेला पिठाची रेघ जमते तशी, आणि दोनेक वर्षांत गेलीच. दुकान मुलांकडे गेलं. वाचनालयात मात्र ते येत राहिले. जिना त्यांना पाठ होता. सभेत त्यांची अडचण ओळखून सचिवांनी एक सेवा सुरू केली. माना हलल्या की ते घोषणा करत, ‘‘सर्वांनी माना डोलावल्या, अध्यक्ष महाराज.’’ अध्यक्ष म्हणत, ‘‘बरं.’’ असं सहा-सात महिने चाललं.

मग एका सकाळी अध्यक्ष साडेसहाला काठी टेकत जिना चढले, आणि दाराला कुलूप. पायरीवर चार म्हातारे बसलेले. त्यांच्याकडून त्यांना कळलं की वाचनालय आता दहाला उघडतं, कारण ‘वेळेचे सुसूत्रीकरण’ असा जो ठराव त्यांच्याच अध्यक्षतेखाली झाला, त्याचा अर्थ हा होता. दुपारी त्यांनी मला दुकानात बोलावून घेतलं. मुलगा गिऱ्हाईक करत होता. अध्यक्ष मागे एका पाटावर बसले होते.

‘‘मॅडम, सकाळची वेळ बदलायले तुम्ही हो म्हटलं होतं?’’

‘‘मी मान हलवली होती.’’

‘‘कोणती?’’

पस्तीस वर्षं मुलींना दिशा शिकवल्या, पण माझी मान त्या दिवशी कोणत्या दिशेला गेली होती हे मला सांगता येईना.

‘‘तिरपी असेल,’’ मी म्हटलं.

‘‘म्हणजे बघू.’’

‘‘हो.’’

‘‘अन् बाकीचे?’’

‘‘तेही बघूच म्हणत होते. बहुतेक.’’

त्यांनी शेजारच्या तांब्याला टिचकी मारली. तांब्या चांगला निघाला असावा, कारण चेहरा जरा निवळला. ‘‘मले वाटे, सगळे हो म्हणून राहिले. मी म्हटलं, चला, एकमत झालं तर आपण काहून अडवा?’’

पुढच्या सभेत सचिवांनी एक ठराव आणला. ‘संस्थेच्या वाटचालीत दीपस्तंभाप्रमाणे उभे असलेल्या आदरणीय अध्यक्ष महोदयांना मार्गदर्शक या सर्वोच्च पदावर विराजमान करण्यात यावे.’ शाल, श्रीफळ, मानपत्र वगैरे. मी आयुष्यात बऱ्याच संस्था पाहिल्या आहेत. मार्गदर्शक म्हणजे ज्याला मार्ग दाखवायला सभेला यावं लागत नाही तो. नवा अध्यक्ष कोण, हे ठरावात नव्हतं, पण सचिवांनी त्या दिवशी नवा जाकीट-कुर्ता घातला होता.

‘‘म्हणजे मी घरी बसू?’’ अध्यक्षांनी विचारलं.

‘‘आपली दृष्टी... म्हणजे प्रकृती लक्षात घेता, सभेचा कौल आपल्याला दिसत... म्हणजे पाहण्याचे श्रम आपल्याला देणे योग्य नव्हे.’’

‘‘कौल दिसत नाही हे खरं आहे,’’ अध्यक्ष म्हणाले. ‘‘मग तोंडानं सांगा न गा. हो तर हो, नाही तर नाही. मी ऐकतो. कान चांगले आहेत.’’

सहा पुरुषांपैकी पाच जणांच्या गालात खर्रा होता. धान्यवाले व्यापारी काहीतरी म्हणाले ते ‘अं’ आणि ‘हं’ यांच्या मधलं होतं, आणि त्यासाठीही त्यांना हनुवटी इतकी वर करावी लागली की ते पंख्याशी बोलत आहेत असं वाटलं. खिडकीशी एकाच बाकावर बसणारे तिघे आहेत, ते एकमेकांकडे पाहू लागले. वकीलसाहेब, आमचे सर्वांत ज्येष्ठ सभासद, नेहमीप्रमाणे डोळे मिटून चिंतन करत होते. सचिवांचं तोंड रिकामं होतं, पण त्यांना स्वतःच्या ठरावाला स्वतःच पहिला होकार देणं शोभत नव्हतं. आणि मी? मी पेनाचं टोपण शोधत होते.

अध्यक्षांनी खुर्चीच्या दांडीला एक टिचकी मारली. मग म्हणाले, ‘‘बरं. तोंड नाही उघडत तुमचं, तर मान वाजली पाहिजे. एक सभा द्या मले. घरी मले कोणी काही इचारत नाही. जेवायला बसा म्हणतात, बसतो. उठा म्हणतात, उठतो. हो का नाही, हे इचारायची एवढी एकच जागा उरली आहे. पुढच्या सभेत तुमच्या मानेचा आवाज ऐकून मत घेतो. हो निघालं, तर शाल मी स्वतः मागून घेईन.’’

मला वाटलं होतं तितकं सचिवांना हे वाईट वाटलं नाही. उलट त्यांचे डोळे चमकले. पुढच्या महिन्याच्या कार्यक्रमपत्रिकेत विषय क्रमांक तीन असा छापून आला: ‘श्राव्य मान-संमती प्रणालीचा शुभारंभ’. वार्षिक अहवालात घालण्यासारखी गोष्ट सापडली की सचिव तिच्या परिणामांचा फारसा विचार करत नाहीत.

घुंगरं आणायला अध्यक्ष मला घेऊन गेले. पोळा आठ-दहा दिवसांवर आला होता. इतवारीत बैलांच्या साजाची दुकानं रस्त्यावर उतरली होती: झुली, गोंडे, कवड्यांच्या माळा, पितळेच्या घंट्या. हातगाड्या आणि टेम्पो यांच्या मधून अध्यक्ष माझ्या खांद्यावर हात ठेवून असे चालत होते की मीच आंधळी आहे असं पाहणाऱ्याला वाटावं. प्रत्येक वळणाला तेच मला सांगत, ‘‘आता डावीकडे. इथं पायरी आहे.’’

दुकानदार ओळखीचा नव्हता. त्याने घुंगरांच्या टोपल्या पुढे केल्या.

‘‘किती बैल आहेत बाबूजी?’’

‘‘सात.’’

‘‘सात? एक विकला काय?’’

‘‘नाही. पहिल्यापासून असेच आहेत. सहा बैल अन् एक गाय.’’

मी मागेच उभी होते. मी काही बोलले नाही. चार वर्षांची सवय.

‘‘जोडीनं लावाल न?’’

‘‘जोडी नाही जमत त्यांची. सगळे एकटेएकटेच ओढतात. वेगवेगळ्या बाजूनं.’’

‘‘मारके आहेत काय?’’

‘‘नाही गा. बसके आहेत. एक तर झोपूनच राहते.’’

दुकानदार हळहळला. ‘‘मग विकून काहून नाही टाकत?’’

‘‘घेईन कोण?’’ अध्यक्ष म्हणाले, आणि घुंगरं निवडायला बसले.

दीड तास निवडत होते. एकेक घुंगरू कानाशी धरायचं, आधी खाली-वर हलवायचं, मग आडवं. शेवटी सात वेगवेगळ्या आवाजांची सात निघाली. परतताना त्यांनी मला युक्ती समजावून सांगितली. होकाराची मान खाली जाते, थांबते, वर येते. म्हणजे घुंगरू दोनदा वाजणार, मध्ये खंड. नकाराची मान थांबत नाही, या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत घसरते. म्हणजे सलग, लांब वाजणार.

‘‘अन् तिरपी?’’ मी विचारलं.

‘‘तिरपी म्हणजे बारीक खुळखुळ. बुडाशी चीर असली की भांडं वाजते तशी.’’

आमच्या ग्रंथपाल बाई खाप्याहून रोज बसने येतात आणि कार्यकारिणीबद्दल मत व्यक्त करत नाहीत. त्यांनी इलास्टिकच्या सात पट्ट्या शिवल्या आणि प्रत्येकीला एक घुंगरू टाचून दिलं. पट्टी कपाळावरून मागे घ्यायची, घुंगरू कानामागे येईल अशी. सभेच्या दिवशी ती बांधून सगळे बसले तेव्हा तान्ह्या पोळ्याला मुलं सजवून आणतात त्या लाकडी बैलांची आठवण झाली. फक्त त्यांना चाकं असतात.

‘‘मॅडमले शोभून राहिलं पण,’’ बाकावरच्या तिघांपैकी एक म्हणाले.

‘‘तुम्हालाही,’’ मी म्हटलं. ‘‘शिंगं असती तर आणखी उठून दिसलं असतं.’’

अध्यक्षांनी पंखे बंद करायला लावले, नाहीतर त्यांना ऐकू येईना. भाद्रपदातलं नागपूर पंख्याशिवाय कसं असतं हे ज्यांना ठाऊक नाही त्यांनी ते जाणून घेण्याची घाई करू नये. मग तालीम झाली.

‘‘आज रविवार आहे?’’ अध्यक्षांनी विचारलं.

दोनदा, खंड घेऊन. सहा घुंगरं तरी एका ठेक्यात वाजली.

‘‘शाबास. खर्रा सोडला सगळ्यांनी?’’

सलग, लांब. व्यापाऱ्यांचं घुंगरू इतरांपेक्षा जरा जास्त वेळ वाजलं, आणि त्यात पश्चात्ताप अजिबात नव्हता.

‘‘आता सांगा, वाचनालय सकाळी साडेसहाले उघडायचं का?’’

बारीक खुळखुळ झाली. सगळ्या खोलीभर, एखाद्याने खिशात फुटाणे हलवावेत तशी. अध्यक्ष कितीतरी वेळ ऐकत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नवल होतं. मग म्हणाले, ‘‘असं आहे तर. आजवर जे काही मंजूर झालं, ते असं वाजत होतं काय?’’

बाकावरच्या तिघांपैकी मधल्याने मान खाली घातली. ती वाजली.

विषय क्रमांक चार, मार्गदर्शकपद. सचिव उभे राहिले, चष्मा लावला आणि वाचू लागले. आता एक गोष्ट इतक्या वर्षांत माझ्या लक्षात आली नव्हती. सचिव स्वतःच्या प्रत्येक वाक्यखंडाला मान देतात. ‘दीपस्तंभाप्रमाणे’, छुन् छुन्. ‘आदरणीय’, छुन् छुन्. ‘सर्वोच्च पदावर’, छुन् छुन्, छुन् छुन्.

‘‘सचिव,’’ अध्यक्ष म्हणाले, ‘‘तुम्ही वाचून राहिले का मत देऊन राहिले?’’

‘‘वाचतो आहे, अध्यक्ष महाराज.’’

‘‘मग सहा-सात वेळा हो झालं तुमचं. त्यातलं एक पुढं कामी येईल, आता राहू द्या.’’

सचिवांनी मान ताठ धरून वाचायचा प्रयत्न केला. तेव्हा कळलं की ती भाषा ताठ मानेने वाचताच येत नाही. ‘विराजमान’ या शब्दाला डोकं हलवलं नाही, तर तो नुसताच बसलेला वाटतो. तिसऱ्या ओळीला ते इतके अवघडले की उरलेला मजकूर ‘वगैरे’ म्हणून संपवला. त्यांच्या तोंडून वगैरे मी पहिल्यांदा ऐकला.

‘‘आता मत,’’ अध्यक्ष म्हणाले. ‘‘मले घरी पाठवायचं का? हो का नाही?’’

खोलीत काहीच वाजलं नाही.

खाली कोणीतरी पातेलं ठोकत होतं, तेही नेमकं थांबलं. सात माना फोटो काढताना धरतात तशा ताठ. माझ्या कानशिलावरून घाम ओघळून पट्टीत मुरत होता आणि तो पुसायची सोय नव्हती, कारण पुसताना वाजलं असतं. चार वर्षं मी ज्या सहजपणे मान हलवली, ती मान आता दगडाची झाली होती. मला खरं सांगायचं तर अध्यक्ष राहावेत असंच वाटत होतं. माझ्या शेजाऱ्यालाही वाटत असावं. पण सचिव समोर होते, त्यांच्याशी रोजचा संबंध होता, आणि तिरप्या मानेइतकी सोयीची जागा जगात दुसरी नाही. ती जागाच आज काढून घेतली होती.

‘‘वाजलं काही? मले नाही आलं ऐकू.’’

तेवढ्यात वकीलसाहेबांच्या दिशेने स्वच्छ आवाज आला. छुन्.

‘‘एक होकार आला!’’ सचिव म्हणाले. ‘‘नोंद घेतो.’’

‘‘थांबा जरा,’’ अध्यक्ष म्हणाले. त्यांनी कान तिकडे केला. ‘‘हो दोनदा वाजते. मान जाते, मग वापस येते. हे गेलं, वापस नाही आलं. हे झोपेचं आहे.’’

सगळ्यांनी पाहिलं. वकीलसाहेबांची हनुवटी छातीला टेकली होती. माझ्या डोळ्यांसमोरून चार वर्षांची नोंदवही गेली. स्वागत कमान, नवीन सोफा, दहाची वेळ. प्रत्येक ठरावाला वकीलसाहेबांची मान सर्वांत आधी, सर्वांत ठामपणे खाली जायची आणि बाकीच्यांना धीर यायचा. ज्येष्ठांनीच होकार दिल्यावर आपण काय बोलणार, असं मीसुद्धा एकदोनदा मनाशी म्हटलं होतं.

‘‘वकीलसाहेब!’’ व्यापारी गालातला खर्रा सांभाळत ओरडले.

वकीलसाहेब दचकून उठले. ‘‘नाही, नाही. जागाच आहो मी. झोपलो नाही.’’ आणि इतक्या जोराने मान हलवू लागले की घुंगरू टांग्याच्या घोड्यासारखं वाजत सुटलं.

‘‘हा नकार झाला,’’ अध्यक्ष म्हणाले.

‘‘ते ठरावाला नाही म्हणत नाहीत,’’ सचिव म्हणाले. ‘‘ते झोपेला नाही म्हणताहेत.’’

‘‘मग परत इचारू. वकीलसाहेब, अध्यक्ष बदलायचा का?’’

‘‘काहून? मेला काय?’’

‘‘नाही. समोर बसला आहे.’’

‘‘मग काहून बदलता गा? चांगला आदमी आहे, झोपू देतो,’’ वकीलसाहेब म्हणाले, आणि पुन्हा मान हलवली. या वेळी सावकाश, सलग, लांब.

त्या आवाजाने काहीतरी सैल झालं. मी माझी मान उचलली. ती सवयीने तिरपी निघाली होती. मध्येच थांबवली, सरळ केली आणि डाव्या खांद्याकडून उजव्या खांद्याकडे नेली, मग परत. माझं घुंगरू सगळ्यांत बारीक आवाजाचं होतं, पण त्या बंद खोलीत ते मला फार मोठं वाटलं.

‘‘मॅडम नाही म्हणतात,’’ अध्यक्ष म्हणाले. त्यांनी माझ्याकडे तोंडही वळवलं नाही. दीड तास निवडत बसले होते ते यासाठी.

मग व्यापारी, सलग. बाकावरच्यांपैकी मधला, सलग. त्याच्या दोन्ही बाजूचे दोघे मात्र खुळखुळले.

‘‘तुम्ही दोघं बघू म्हणता न? बघा मग, घाई नाही.’’

शेवटी सचिव राहिले. मग त्यांनी चष्मा काढला आणि मान खाली नेली, थांबवली, वर आणली. छुन्. छुन्. एकही विशेषण नाही.

अध्यक्ष खूश झाले. मी गंमत म्हणून सांगत नाही, खरोखर खूश झाले. ‘‘वा! काय वाजलं! घुंगरू तुमचं सगळ्यात चांगलं निघालं, सचिव. सात वर्षांत पहिल्यांदा तुम्ही काय म्हणून राहिले ते मले समजलं.’’

सचिवांनाही काय वाटलं कोण जाणे, ते हसले आणि खाली बसले. चार नाही, दोन बघू, एक हो. अध्यक्ष राहिले. पंखे सुरू झाले आणि सात जणांनी एकदम श्वास सोडला. त्याच सभेत साडेसहाची वेळही परत आली, आणि तिला कुठलीही खुळखुळ झाली नाही. आता ते चार म्हातारे पायरीवर बसत नाहीत. आत बसून पेपरातल्या त्याच पानावर भांडतात.

पुढल्या महिन्यात इतिवृत्त वाचलं गेलं. सचिवांनी लिहिलं होतं, ‘मार्गदर्शकपदाचा ठराव सर्वानुमते फेटाळण्यात आला.’ मी त्यांना म्हटलं, ‘‘सर्वानुमते कसा? तुम्ही स्वतः हो म्हणाला होता.’’ ते म्हणाले, ‘‘मॅडम, इतक्या वर्षांची वही आहे. तिच्यात मध्येच चार विरुद्ध एक बरं दिसत नाही.’’ वार्षिक अहवालात मात्र श्राव्य मान-संमती प्रणालीला पूर्ण पान मिळालं, आणि ती ‘देशात प्रथमच’ असल्याचं त्यात म्हटलं आहे. ते खरं असण्याची शक्यता मी नाकारत नाही.

प्रणाली अजून चालू आहे. अध्यक्ष दर सभेला पंखे बंद करायला लावतात, पट्ट्या वाटतात आणि ऐकत बसतात. वकीलसाहेबांना घरून चहा पिऊन यायला सांगितलं आहे. सभा झाली की ग्रंथपाल बाई सातही घुंगरं गोळा करतात आणि अध्यक्षांच्या खुर्चीमागच्या भिंतीवर एक खिळा आहे, त्याला अडकवून ठेवतात. त्या खिळ्यावर आधीपासून एक पाटी आहे. वाचनालय सुरू झालं त्या वर्षापासूनची आहे म्हणतात. पाटीवर लिहिलं आहे: ‘आवारात पान, तंबाखू, खर्रा खाण्यास सक्त मनाई आहे.’